सेल्वा की ऑर्टिसेई? स्की न करणाऱ्यांना आधी विचारा

पत्र: आम्ही म्युनिकला राहतो. फेब्रुवारीत मुलीच्या शाळेला फाशिंगची (कार्निव्हलची) आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा इटलीत वाल गार्डेनाला जायचं ठरलंय. माझे सासू-सासरे त्याच सुमारास नाशिकहून येतायत, तेही बरोबर असतील. नवरा बरीच वर्षं स्की करतो. त्याला सेल्वाच हवंय, कारण सेलारोंदा नावाच्या स्कीच्या फेरीला तिथून थेट लागता येतं. मला मैत्रिणीने ऑर्टिसेई सुचवलंय. मला स्की येतं म्हणजे निळ्या, सगळ्यात सोप्या उतारावरून न पडता खाली येते, इतकंच. मुलगी सात वर्षांची, अजून एकदाही स्कीवर उभी राहिलेली नाही. सासूबाईंचा गुडघा दुखरा आहे आणि दोघंही अंडंसुद्धा खात नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, "दोन्ही गावं एकाच खोऱ्यात, सात-आठ किलोमीटरवर, फरक काय पडतो? आई-बाबा हॉटेलात निवांत बसतील." महिनाभर घरात हाच विषय चाललाय. कुठलं गाव घेऊ? आणि ऑर्टिसेई खाली आहे, तिथे बर्फ नसला तर?
ता. क. सासूबाई साडीच नेसतात. वर बर्फात कसं जमायचं?
– दोन गावांत अडकलेली

उत्तर:

ताई, ऑर्टिसेई घ्या.

यजमानांचं एक म्हणणं अगदी खरं आहे. दोन्ही गावं एकाच रस्त्यावर आहेत, दिवसभर बस धावते आणि स्कीचा पास दोन्हीकडे तोच चालतो. पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. अंतर इतकं कमी असेल, तर ज्याला स्की येतं त्याने सकाळी बस धरावी. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी मुक्कामाचं गाव हीच सगळी सुट्टी असते. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात स्की करणारा माणूस गावात नसतोच. गावात असणार आहेत तुमचे सासू-सासरे, आणि अधूनमधून तुम्ही.

आणि ते "हॉटेलात निवांत बसतील" हे तर मला मुळीच पटलेलं नाही. नाशिकहून ऐन फेब्रुवारीत, घरची छान थंडी सोडून, इतका प्रवास करून आलेली माणसं खिडकीतून पार्किंग बघायला आलेली नसतात. पहिल्या दिवशी बसतील. दुसऱ्या दिवशी "आमची काळजी करू नका, तुम्ही जा" म्हणतील. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत कोण थांबणार, हे ठरवायची वेळ येईल, आणि ती कोणावर येईल हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या पत्रात हे वाक्य कुठे नाही, पण माझ्या मते महिनाभराचा वाद ह्याचाच आहे.

आता गावांकडे येऊ. सेल्वा १५६३ मीटरवर, खोऱ्याच्या वरच्या टोकाला. गाव स्कीवाल्यांचंच आहे. लिफ्ट एका बाजूला चाम्पिनोई डोंगरावर जाते, दुसऱ्या बाजूला दान्तरचेपिएसला, आणि दोन्हीकडून सेलारोंदाला लागता येतं. सेला डोंगराभोवतीची ही फेरी लिफ्ट धरून साधारण चाळीस किलोमीटरची आहे, त्यातलं सव्वीसेक किलोमीटर प्रत्यक्ष स्कीवर. चार खिंडी, चार खोरी. बरीच वर्षं स्की करणाऱ्या माणसाला त्याचं वेड असणं स्वाभाविक आहे, त्याबद्दल यजमानांना बोल लावू नका.

सेल्वाच्या बाजूने आणखी दोन गोष्टी सांगतो, नाहीतर तुमच्या मैत्रिणीची वकिली केल्यासारखं होईल. एक, नवशिक्यांचे उतार तिथे गावाच्या अंगणातच आहेत, लहान मुलाला गोंडोलात, म्हणजे बंद पाळण्याच्या लिफ्टमध्ये, घालून वर न्यावं लागत नाही. दोन, गावाला लागूनच वालुंगा नावाची लांबट सपाट दरी आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून हिवाळ्यात चालायची वाट आणि सपाटीवरच्या क्रॉस-कंट्री स्कीचा मार्ग. तिथे सासऱ्यांना फार आवडेल. पण वालुंगा झाल्यावर दुसऱ्या दिवशी पायी करण्यासारखं काय, तर रस्त्याकडेची हॉटेलं आणि स्कीची दुकानं.

ऑर्टिसेई १२३६ मीटरवर, खोऱ्यातलं मोठं गाव. मध्यभागी गाड्यांना बंदी असलेला रस्ता, त्यावर कॅफे, बेकरी, चर्च, दुकानं. लाकडाच्या कोरीवकामासाठी हे खोरं सतराव्या शतकापासून ओळखलं जातं. चर्चसाठी संतांच्या मूर्ती आणि मुलांसाठी लाकडी बाहुल्या इथून युरोपभर जात. आजही कारागिरांच्या दुकानांच्या काचेतून काम दिसतं, आणि गावात खोऱ्याचं स्वतःचं संग्रहालय आहे, त्यात या कामाचे जुने नमुने मांडलेले आहेत. तासाभराचं संग्रहालय, मग कॉफी, मग बाकावर ऊन खात बसणं. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाचा अर्धा दिवस यात चांगला जातो. (डिस्को संगीताचा बादशहा जोर्जो मोरोडर १९४० मध्ये याच गावात जन्मला. मूर्तिकारांच्या गावातून डिस्को निघाला, हे मला अजूनही गंमतशीर वाटतं.)

पण मी ऑर्टिसेई सांगतोय ते गावातल्या रस्त्यासाठी नाही, गावातून निघणाऱ्या एका गोंडोलासाठी. ही लिफ्ट काही मिनिटांत तुम्हाला दोन हजार मीटरवर आल्पे दि सिउझीच्या कडेला सोडते. म्युनिकमध्ये तुम्ही हे नाव झाइसर आल्म म्हणून ऐकलं असेल. युरोपातलं हे उंचावरचं सर्वांत मोठं कुरण, सुमारे ५६ चौरस किलोमीटर. समोर सासोलुंगोचे सुळके, आणि खाली मंद उतारांचं विस्तीर्ण पांढरं पठार. त्या पठारावर स्कीचे निळे उतार आहेत, त्यांच्या शेजारून पायी चालायच्या दाबून सपाट केलेल्या वाटा आहेत, घोड्यांच्या घसरगाड्या आहेत, आणि थोड्या थोड्या अंतरावर लाकडी उपाहारगृहं आहेत, त्यांच्या अंगणात उन्हात बाकं मांडलेली असतात.

ह्याचा व्यवहारातला अर्थ बघा. बहुतेक स्की-गावांत स्की करणारे डोंगरावर आणि न करणारे खाली, अशी फाळणी होते आणि संध्याकाळपर्यंत भेट नाही. इथे सगळे एकाच उंचीवर, एकाच पठारावर असतात. मुलगी स्की-शाळेत, तुम्ही शेजारच्या निळ्या उतारावर, सासू-सासरे घसरगाडीतून फेरी मारून उन्हात बसलेले, आणि साडेबाराला सगळे एका टेबलावर. आजी-आजोबांना नातीची पहिली घसरण प्रत्यक्ष बघता येते. ही सोय सेल्वात बसून रोज जमवायची म्हटलं तर तुमचा निम्मा दिवस बसमध्ये जाईल.

लिफ्टच्या तिकिटाचं लक्षात ठेवा. सासू-सासऱ्यांना स्कीचा पास नको, पायी जाणाऱ्यांचं जाण्यायेण्याचं तिकीट वेगळं मिळतं. आणि उंचीचं म्हणाल तर दोन हजार मीटर म्हणजे फार काही नाही, पण कोणाला हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्याआधी नाशिकच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आता यजमानांचं काय? ऑर्टिसेईतून सेलारोंदाला थेट लागता येत नाही, हे खरंच आहे. सकाळी बसने सेल्वाला जायचं. किंवा ऑर्टिसेईहूनच लिफ्टने सेचेडा डोंगरावर चढायचं, तिथून स्कीने दोन गावांच्या मधल्या सांता क्रिस्टिना गावाला उतरायचं, आणि तिथे जमिनीखालून धावणारी छोटी रेल्वे आहे, तिने खोऱ्याच्या पलीकडच्या बाजूच्या लिफ्टला जायचं. दोन्ही वाटांनी एखादा तास जातो. म्हणून त्यांना आठवड्यातले दोन दिवस पूर्ण द्या. खरोखर पूर्ण. "दुपारी जेवायला या" असं म्हणायचं नाही, फोन करायचा नाही. एक दिवस नारिंगी पाट्यांची फेरी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. दुसऱ्या दिवशी हिरवी, उलट दिशेची. दोन्ही वेगळ्या वाटतात, एकच दोनदा केल्यासारखं होत नाही. दहाच्या आत फेरीला लागायचं आणि साडेतीनच्या आत शेवटची खिंड ओलांडायची, हा तिथला नियमच समजा. लिफ्ट बंद झाली की माणूस चुकीच्या खोऱ्यात अडकतो, आणि मग टॅक्सी सगळा डोंगर वळसा घालून आणते. ते बिल बघून सुट्टीची चव जाते. सुट्टीच्या आठवड्यात लिफ्टला रांगा असतात, तेव्हा हे वेळापत्रक आणखी अर्धा तास अलीकडे ओढा.

या दोन दिवसांसाठी त्यांना मोठा डोलोमिटी सुपरस्की पास लागेल. बाकी दिवशी वाल गार्डेना आणि आल्पे दि सिउझीचा स्थानिक पास पुरतो, त्यातच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास उतार आहेत. तुम्हाला स्वतःला तर स्थानिक पासच घ्या. सगळ्यांसाठी सरसकट मोठा पास काढून टाकायची चूक पुष्कळ कुटुंबं करतात. आणि यजमानांना एक आमिष दाखवून ठेवा: सांता क्रिस्टिनाचा सासलोंग उतार. डिसेंबरमध्ये त्यावर पुरुषांची विश्वचषकाची डाउनहिल शर्यत होते, १९७० ची जागतिक स्पर्धाही तिथे झाली होती, आणि फेब्रुवारीत तो आपल्यासारख्यांना खुला असतो. ऑर्टिसेईच्या बाजूने तो जवळच आहे.

मधल्या सांता क्रिस्टिनात राहून दोघांचंही मन राखावं, असं कोणीतरी सुचवेलच. नको. यजमानांना सेल्वा मिळणार नाही, सासूबाईंना गाव मिळणार नाही.

बर्फाचं विचारलंत. हे सगळे डोलोमाइट्स डोंगर आल्प्सच्या दक्षिण अंगाला आहेत, तिथे आकाशातून पडणारा बर्फ बेभरवशाचा असतो आणि ऊन भरपूर. म्हणून त्या लोकांनी जवळजवळ सगळ्या उतारांवर कृत्रिम बर्फाच्या तोफा बसवल्या आहेत, आणि त्या कामात ते फार तरबेज आहेत. थंडी पडली की स्की चालू राहतं. ऑर्टिसेईत गावातले रस्ते कोरडे, शेतं तपकिरी, आणि त्यावर उतारांचे पांढरे पट्टे, असं दृश्य एखाद्या वर्षी दिसू शकतं. सेल्वातही फार वेगळं असेल असं नाही. तुम्ही स्की करणार आहात दोन हजार मीटरवर, गावाच्या उंचीवर नाही. सासऱ्यांना मात्र आधीच सांगून ठेवा की बर्फ वर आहे, नाहीतर पोचल्यावर "हेच का?" म्हणतील.

जेवणाकडे जरा लक्ष द्या, कारण या भागात शाकाहार समजतात, पण अर्धाच. हा दक्षिण तिरोल प्रांत पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियात होता, ताटही तसंच आहे. क्नोडेल म्हणजे पावाचे गोळे, त्यात बहुतेक वेळा श्पेक म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस. पालकाचे क्नोडेल मिळतात, पण अंडं असतंच. बार्लीचं सूप वाचायला निर्धोक वाटतं, त्यातही मांसाचे तुकडे सोडायची पद्धत आहे. श्लुट्सक्राप्फेन नावाचा करंजीच्या आकाराचा उकडलेला पदार्थ येतो, आत पालक आणि रिकोटा चीज, वरून लोणी. दिसायला अगदी आपला, पण पिठात बऱ्याचदा अंडं घालतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे मशरूम घातलेला पोलेन्टा (मक्याच्या पिठाची उकड), टोमॅटोचा साधा पास्ता (ताज्या पिठाचा नव्हे, सुकवलेला), भाजलेले बटाटे, आणि पिझ्झा. ऑर्टिसेईत पिझ्झाची दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, हाही त्या गावाच्या बाजूने एक मुद्दा.

दोन वेळचं जेवण धरून हॉटेल घ्यायचं असेल, तर बुकिंगच्या आधी जर्मनमध्ये एक मेल टाका: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध-लोणी चालेल. उत्तर नीट आलं तर घ्या. "आमच्याकडे सॅलड बार आहे" असं आलं तर सोडा. नाहीतर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. पण कुकर कोण लावणार हे म्युनिकमध्येच ठरवून निघा. सासूबाई उत्साहाने डाळ-तांदूळ बांधतील, आणि मग सुट्टीभर त्यांची आणि तुमची संध्याकाळ ओट्यापाशी जाईल. तीन संध्याकाळी बाहेर पिझ्झा, दोन संध्याकाळी यजमानांची खिचडी. सेलारोंदाचे दोन दिवस फुकट नाही मिळायचे.

राहायची जागा मध्यभागीच बघा, थोडी महाग पडली तरी. ऑर्टिसेई उतारावर वसलेलं आहे, आणि "केंद्रापासून पाचशे मीटर" म्हणजे कधी कधी पाचशे मीटर चढ असतो, त्यावर रात्री गोठलेलं पाणी. गुडघ्याला ते परवडणार नाही. बुटांवर चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे म्युनिकमध्येच सासू-सासऱ्यांसाठी घ्या, खेळाच्या दुकानात सहज मिळतात. स्की आणि बूट भाड्याने घेताना लिफ्टजवळच्या दुकानातून घ्या आणि रात्री तिथेच ठेवा. सात वर्षांच्या मुलीची स्की रोज खांद्यावरून वाहायची हौस पहिल्या सकाळीच फिटते.

मुलीची स्की-शाळा आत्ताच बुक करा. फाशिंगचा आठवडा म्हणजे बव्हेरियातलं निम्मं जग तिकडे येतं, आणि इटालियन लोकांच्याही हिवाळी सुट्ट्या त्याच सुमारास. जागा आधी संपते ती शाळेतली, हॉटेलातली नाही. वर्ग नक्की कुठे भरतो, गावात की वर आल्पे दि सिउझीवर, हेही विचारून घ्या, नाहीतर आजी-आजोबा चुकीच्या बाकावर बसतील. हेल्मेट सगळ्यांना हवं. इटलीत १ नोव्हेंबर २०२५ पासून मोठ्यांनाही ते सक्तीचं आहे, पूर्वी फक्त अठराच्या आतल्यांना होतं. तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई देणारा विमाही २०२२ पासून सक्तीचा आहे. तुमच्याकडे जर्मनीतला खासगी दायित्व विमा असेलच, त्याचा कागद फोनमध्ये ठेवा. सासू-सासऱ्यांचा भारतातून काढलेला प्रवास विमा इटलीलाही लागू आहे ना ते बघा. शेंगेन व्हिसा जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली तिन्ही देशांत चालतो, पण त्यांचे मूळ पासपोर्ट बरोबर हवेतच. परतताना जर्मनीच्या सीमेवर तपासणी होते.

गाडीने साधारण साडेतीन तास, पण ते कागदावर. शनिवारी ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर खिंडीत सगळं म्युनिक रांगेत असतं, त्यात वाटेतल्या ल्यूग पुलाचं काम सुरू आहे. रविवारी ते रविवारी जागा मिळाली तर घ्या, नाहीतर पहाटे पाचला निघा. ऑस्ट्रियाचं विन्येट (महामार्गाचा कर भरल्याचा स्टिकर), ब्रेनरचा वेगळा टोल आणि इटलीचा तिसरा टोल, तिन्ही धरून चाला.

बुकिंग करताना गावाचं नाव दोनदा वाचा. ऑर्टिसेईचं जर्मन नाव सांक्ट उलरिश, आणि याच नावाचं दुसरं स्की-गाव ऑस्ट्रियाच्या तिरोलमध्ये आहे. सेल्वाचाही एक नावबंधू आहे, सेल्वा दि कादोरे, तो वेगळ्याच खोऱ्यात. पत्त्यात "ग्रोडेन" (खोऱ्याचं जर्मन नाव) किंवा "वाल गार्डेना" असल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि पुढच्या वर्षी दोघंच जाणार असाल, मुलगी आजीकडे, तर बिनधास्त सेल्वा घ्या. तेव्हा माझ्याकडे पत्रसुद्धा पाठवू नका.

ता. क.चं उत्तर. गावात साडी चालेल: आत लोकरीची थर्मल पँट, लोकरीचे मोजे, वर लांब कोट, पायात घोट्यापर्यंतचे बूट. वर आल्पे दि सिउझीवर मात्र निऱ्यांचा काठ अर्ध्या तासात ओला होतो आणि मग गोठून कडक होतो, त्यात पाय अडकून पडण्याची भीती खरी आहे. वर जायच्या दिवशी त्यांना बर्फाची पँट घालायला लावा. सुनेने सांगितलं तर ऐकणार नाहीत, नातीला सांगायला लावा. घसरगाडीत घोंगडी देतात, फोटोसाठी शाल वरून घेता येईल.